पाण्याची वाट आणि चेंडूची वाट

मार्च 2024 मधल्या एका रविवारी माझ्या गोल्फच्या कार्डावर 102 फटके लागले. घरी येऊन चहा घेताना मी ते पहिल्यांदाच दोन रकान्यांत मांडले. ग्रीनपर्यंत पोचायला 59, आणि ग्रीनवर पोचल्यानंतर 43. दुसरा आकडा पुन्हा मोजला. तोच आला.

ज्यांनी गोल्फ जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंडू ज्या खळग्यात घालायचा ते होल. त्याच्या भोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. तिथे पोचल्यावर लांब मारायचे दांडे बॅगेत जातात आणि सपाट तोंडाचा पटर बाहेर येतो. चेंडू उडवायचा नाही, गवतावरून घरंगळत न्यायचा. त्या फटक्याला पट म्हणतात. कोर्सचा पार, म्हणजे किती फटक्यांत तो पूर्ण व्हावा तो आकडा, ठरवताना प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे अठरा होलचे 36. मी त्याहून सात जास्त मारत होते. दोनशे यार्डांचा फटका मला वयामुळे कदाचित कधीच जमणार नव्हता. पण दहा फुटांवरून चेंडू घरंगळवायला ताकद लागत नाही. तिथे सात फटके वाया जात होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं नोकरी केली. कालवे, चाऱ्या, पाण्याचे उतार यात आयुष्य गेलं. गोल्फशी संबंध आला तो 7 ऑगस्ट 2021 च्या शनिवारी. टोकियो ऑलिंपिकचा महिला गोल्फचा शेवटचा दिवस होता आणि आमच्या घरी पहाटेपासून टीव्ही चालू होता. बंगळूरची अदिती अशोक, जागतिक क्रमवारीत दोनशेवी, तिच्याहून कितीतरी लांब मारणाऱ्या नेली कोर्डाच्या बरोबरीने पदकाच्या शर्यतीत होती. तिची आई तिची कॅडी, म्हणजे बॅग सांभाळणारी मदतनीस, होती. मला तेव्हा बर्डी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, पण ती मुलगी ग्रीनवर आली की घरात सगळे गप्प व्हायचे, कारण चेंडू जातोच असं वाटायचं. अठराव्या ग्रीनवरचा तिचा पट हुकला आणि ती चौथी आली. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या एका कोर्सवर शिकायला लागले, त्याचं मूळ त्या सकाळीच आहे. माझ्यासारखीने गोल्फमध्ये काय शिकायचं तर ते पटिंगच, हे तिने दाखवलं होतं. तरी दोन वर्षं माझा सगळा वेळ ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या दांड्याने, चेंडू लांब मारण्याच्या खटाटोपात गेला.

त्या रविवारनंतर मी जे केलं ते आधी चुकीचं केलं. व्हिडिओ बघून पकड बदलली. डावा हात खाली, उजवा वर. एका शिक्षकांकडे तासाभराचा धडा घेतला. त्यांनी मला चेंडू मारताना न बघताच माझे पाय, खांदे आणि डोकं नव्याने लावून दिलं. तीन आठवड्यांत आकडा 44 वर गेला. मग एक नवा पटरही घेतला, मोठ्या चौकोनी डोक्याचा. त्याने पहिल्या दिवशी 38 दिले आणि मी फार खूश झाले. पुढच्या दोन फेऱ्यांत 42 आणि 43.

तेव्हा जुन्या सवयीकडे वळले. कालव्याला गळती असेल तर आम्ही आधी कुठे किती पाणी कमी होतंय ते मोजतो, मग खोदतो. मी एक वही केली. प्रत्येक ग्रीनवर पहिला पट किती पावलांवरून, चेंडू होलच्या अलीकडे थांबला की पलीकडे गेला, आणि बाजूने गेला असेल तर उताराच्या वरच्या अंगाने की खालच्या अंगाने, एवढंच लिहायचं. हाताचं काय चुकलं ते लिहायचं नाही, कारण ते मला कळत नव्हतं. फक्त चेंडूचं काय झालं ते लिहायचं.

सात फेऱ्या झाल्या, 126 होल. एकूण 293 पट. 41 ग्रीनवर तीन, चार ग्रीनवर चार, आणि एका पटमध्ये काम झालं अशी ग्रीन फक्त आठ. तीन किंवा चार लागलेल्या 45 पैकी 32 ठिकाणी पहिला पटच होलपासून पाच फुटांहून जास्त लांब थांबलेला होता. आणि पाच ते बारा फुटांवरून हुकलेल्या 66 पटांपैकी 52 खालच्या अंगाने गेले होते. हे वाचून मी वही मिटली आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. दोन महिने मी पकड बदलत होते, आणि वही सांगत होती की माझं अंतर चुकतं आणि मला उतार कमी दिसतो. उतार! तोही मला!

आमच्या कोर्सवर एक वयस्क कॅडी आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. लहानपणी ते लष्करी छावणीतल्या एका छोट्या कोर्सवर काम करत, तिथे ग्रीन नव्हतीच, ब्राऊन होती. पाण्याची टंचाई असलेल्या कोर्सवर वाळूत तेल मिसळून, दाबून होलभोवती गोल केलेला असतो, त्याला ब्राऊन म्हणतात. गवत नाही, त्यामुळे गवताची सबबही नाही. मामांना मी वहीतला तो 52 चा आकडा सांगितला. त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, वरून गेलेला चेंडू खाली येताना होलकडं बघतो तरी. खालून गेला तो गेला, तो काय परत वर चढणार नाही." मग म्हणाले, "पण आधी तुम्ही बघता कुठं ते बघा. मी सांगतो त्या जागेवर तुमचा पटर कधी लागतच नाही."

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, शिक्षकांनीही नाही. मी घरी आले आणि तपासायचं ठरवलं.

हॉलमधली फरशी दोन फुटी आहे, तिचे सांधे सरळ आहेत हे मी घर घेतानाच तपासलं होतं. एका सांध्यावर चेंडू ठेवला, दहा फुटांवर त्याच सांध्यावर एक नाणं ठेवलं, आणि पट मारायला उभी राहिले तशी उभी राहिले. मुलीने माझ्या नाकाच्या शेंड्याच्या वर, दोन डोळ्यांच्या मधोमध ओळंब्याची दोरी धरली. ओळंबा चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आत यायला हवा. तो चेंडूच्या चार इंच आत, माझ्या पायांकडे, लटकत होता. म्हणजे मी रेघेच्या वरून बघतच नव्हते, तिरकी बघत होते. मग तिने चेंडू काढला आणि पटरच्या तोंडाला सुताराचा गुण्या लावून त्याच्या धारेवरून पुढे दोरी ताणली. दोरी नाण्यावरून जायला हवी होती. ती उजवीकडे पाच इंचांवरून गेली.

"आई, तू तर शेजारच्या फरशीवर नेम धरलायस," ती म्हणाली.

आम्ही नऊ वेळा केलं. नऊही वेळा उजवीकडे, साडेतीन ते सहा इंचांच्या मध्ये. आता होलचा व्यास सव्वाचार इंच आहे, 1891 पासून तोच आहे. मधोमध नेम धरला तर कडेपर्यंत दोन इंचांहून थोडंसं जास्त मिळतं. दहा फुटांवर पटरचं तोंड एक अंश जरी फिरलं तरी चेंडू दोन इंच सरकतो, म्हणजे कसाबसा कडेला लागतो. माझं तोंड उभं राहतानाच दोन अंशांहून जास्त उजवीकडे होतं. तरीही अधूनमधून चेंडू आत जात होते, त्याचं कारण एकच: माझ्या हातांना ते कळलेलं होतं, आणि ते प्रत्येक पटला शेवटच्या क्षणी मनगट वळवून चेंडू डावीकडे ओढत होते. कधी बरोबर तेवढा, कधी कमी, कधी जास्त. एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघत होती. म्हणून तर पकड बदलली की दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा बिघडायचं.

उपाय साधा निघाला. माझा पटर 35 इंचांचा होता आणि माझी उंची पाच फूट एक इंच. पटर लांब म्हणून मी लांब उभी राहत होते. 33 इंचांचा करून घेतला, चेंडूच्या जवळ सरकले, ओळंबा जवळजवळ चेंडूवर आला. चेंडूवर पेनाने एक रेघ काढली. ग्रीनवर चेंडूच्या मागे नाणं ठेवून तो उचलता येतो, पुसता येतो आणि पुन्हा त्याच जागी ठेवताना ती रेघ हव्या त्या दिशेला लावता येते, नियमात ते बसतं. मागे बसून रेघ लावायची, मग उभं राहून फक्त पटरचं तोंड त्या रेघेला काटकोनात ठेवायचं. पहिले दोन आठवडे रेघ मला डावीकडे गेल्यासारखी दिसायची. फार अस्वस्थ व्हायला होत असे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, गुण्यावर ठेवावा, असं स्वतःला बजावत मी ते काढले.

मनगटाची सवय मात्र लगेच जाईना. तिच्यासाठी पावसाळ्यानंतरच्या पहाटे उपयोगी पडल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरावाच्या ग्रीनवर सकाळी साडेसहाला दव असतं. त्यावर चेंडू गेला की काळसर पट्टा उठतो, चेंडूने धरलेली वाट अगदी लिहून ठेवल्यासारखी. मी सुताची दोरी लोकरीच्या दोन सुयांना बांधून ग्रीनवर ताणायची आणि दोरीखाली चेंडू ठेवून मारायची. पहिल्या दीड फुटातच पट्टा दोरी सोडून डावीकडे जाताना दिसायचा. होलजवळ चेंडू कुठे गेला हे बघून जे दोन वर्षांत कळलं नाही ते दवाने पाच मिनिटांत दाखवलं. गवत वाळायच्या आत चाळीस-पन्नास चेंडू मारून होत. ज्यांना सकाळी लवकर जाणं शक्य आहे त्यांनी हे करून बघावंच, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

दव नसेल त्या दिवशी फाटक लावायचं. चेंडूच्या दीड फूट पुढे दोन टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, खोचायच्या, मध्ये 50 मिलिमीटर जागा. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरच्या आसपास मोकळीक. हिशेब केला तर फाटकातून न लागता गेलेला चेंडू अर्ध्या अंशाच्या आत निघालेला असतो, आणि अर्धा अंश म्हणजे दहा फुटांवर एक इंच. तेवढं पुरे. सुरुवातीला दहापैकी तीन जायचे. डिसेंबरअखेर आठ जायला लागले. पकड कोणती म्हणाल तर शेवटी जुनीच ठेवली, फक्त मुठी सैल केल्या. पिकलेला चिकू हातात धरावा तेवढ्याच.

इथपर्यंत आलं तरी पटांचा आकडा 40 च्या आसपासच होता. सरळ निघालेला चेंडू चुकीच्या अंतरावर जाऊन थांबत होता.

अंतराचा सराव सुरू केल्यावर मला एक गोष्ट समजली जी आधीच सुचायला हवी होती. पटर सहा इंच मागे नेला की सपाट जागी चेंडू पाच फूट जायचा. बारा इंच मागे नेला की दहा फूट जाईल असा माझा अंदाज. गेला साडेसतरा-अठरा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग कागदावर मांडलं. पटर लंबकासारखा, एकाच लयीत झुलवला तर झोका दुप्पट केल्यावर वेग दुप्पट होतो. आणि गवतावर घरंगळणारा चेंडू किती अंतर जाईल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट, अंतर चौपट. म्हणूनच लांबच्या पटांवर माझे चेंडू एकदा पार पुढे आणि घाबरून मारला की पुढच्या वेळी पार अलीकडे थांबत होते. लांब पटाला झोका थोडासाच वाढवायचा असतो. हात हे आपोआप शिकतात, पण लय कायम असेल तरच. माझी लय दर पटला वेगळी होती. लांबचा पट आला की मी घाईने मारत होते.

लय पक्की करायला मी मोबाईलवरचा ठोका लावून पाहिला, पण त्याच्या आवाजाने मला ताण यायचा. शेवटी पाळणा हलवतानाची लय धरली. मागे जाताना सावकाश, पुढे येताना स्वतःच्या वजनाने. मुलीचा पाळणा मी वर्षभर हलवला आहे, तो हातात अजून आहे. तीस फुटांवरून होल हा नेम नाहीच, होलभोवती पुरणाची मोठी परात ठेवली आहे असं समजायचं आणि चेंडू परातीत थांबवायचा. दहा, वीस, तीस, चाळीस फूट, मग उलट क्रमाने, एका अंतरावरून लागोपाठ दोन चेंडू कधीच नाहीत. खेळताना तरी कुठे दुसरा मिळतो?

ग्रीनचा वेगही मोजून ठेवला. चेंडू एका ठरावीक उतारावरून सोडून तो सपाट ग्रीनवर किती फूट जातो ते मोजायचं, अशी एक पट्टी असते, स्टिम्पमीटर. अमेरिकेत ओकमाँट इथे 1935 ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा पाहून आल्यावर एडवर्ड स्टिम्पसन यांनी ती तयार केली, आणि 1978 पासून तिकडची गोल्फ संघटना ती ग्रीनची देखभाल करणाऱ्यांना देऊ लागली. मी ॲल्युमिनिअमच्या कोनपट्टीची घरी केली, माळीदादांना विचारून सरावाच्या ग्रीनवर दोन्ही दिशांनी चेंडू सोडले आणि सरासरी काढली. ऑगस्टमध्ये सात फूट, जानेवारीत साडेनऊ. पावसाळ्यात गवत ओलं आणि दाट, रोज कापता येत नाही, म्हणून तेवढा फरक. मी मात्र वर्षभर एकाच हाताने मारत होते. आता पहिल्या होलला जाण्याआधी दहा मिनिटं फक्त लांबचे पट मारते, त्या दिवशीचं ग्रीन किती पळतंय ते पायांना आणि हातांना कळावं म्हणून.

आता उताराबद्दल. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

माझी खात्री होती की उतार मला दिसतो. गच्चीला शंभरात एक ढाळ दिला आहे की नाही हे मी नुसत्या डोळ्यांनी सांगते. आणि खरोखर, पन्नासात एक उतार असलेली ग्रीन मी बरोबर ओळखत होते, मामांशी माझं त्यावर कधी दुमत झालं नाही. तरी चेंडू खालच्या अंगाने जायचे. कारण कळायला वेळ लागला, आणि ते कळलं एका संध्याकाळी, एकाच जागेवरून मारताना. बारा फूट अंतर, डावीकडून उजवीकडे पन्नासात एक उतार. जरा जोरात, होलच्या तीन फूट पलीकडे जाईल असा मारला तर डावीकडे सात इंच धरावं लागत होतं. होलच्या काठावर येऊन दमेल असा मारला तर तेरा इंच. उतार तोच, जागा तीच, आणि रेघा दोन. दोन्ही बरोबर.

पाणी कायम सर्वांत तीव्र उताराची वाट धरतं, सोडल्या क्षणापासून. मी 31 वर्षं तेच पाहिलं, म्हणून चेंडूचाही उतार मी पाण्यासारखा वाचत होते: इथून सोडलं तर कुठे जाईल. चेंडू तसा नाही. निघताना त्याच्यात जोर असतो तेव्हा तो उताराला फारसा जुमानत नाही. दमत जातो तसतसा वळत जातो, आणि शेवटच्या तीन फुटांत तो जवळपास पाणी होतो. मी सगळा उतार माझ्या पायांपाशी, चेंडूजवळ वाचत होते, जिथे त्याचा परिणाम सर्वांत कमी. होलजवळचा उतार मी तिथे जाऊन कधी पाहिलाच नव्हता.

त्या दिवसापासून क्रम उलटा केला. आधी होलपाशी जाते. त्याच्या भोवतीच्या तीन फुटांत पाणी ओतलं तर ते कुठून आत शिरेल, ते दार शोधते. घड्याळाच्या काट्यांत सांगायचं तर दार क्वचितच सहावर असतं, बहुधा चार-पाच किंवा सात-आठवर असतं. मग ठरवते की चेंडू त्या दारातून किती वेगाने आत जायला हवा. वेग ठरला की मगच मागे चालत येते आणि त्या वेगाला कोणती रेघ लागेल ते बघते. उताराच्या खालच्या बाजूने चालते, तिथून उतार जास्त खरा दिसतो, आणि मधोमध थांबून दोन्ही पायांवर वजन सारखं ठेवते. कोणत्या पायावर जास्त भार येतो ते बुटांमधूनही समजतं. वेगाने आलेल्या चेंडूला होल बारीक असतं, कडेला लागून तो गरकन बाहेर फिरतो. दमत आलेल्या चेंडूला सव्वाचार इंच पूर्ण मिळतात. म्हणून मी दमणारा चेंडू निवडला, हुकला तर दीड फूट पुढे जाईल इतकाच.

गवताचा कलही असतो. आपल्याकडे बर्म्युडा गवत जास्त, ते आडवं वाढतं. एका दिशेने बघितलं तर ग्रीन चमकतं, उलट बाजूने गडद दिसतं. चमक दिसते त्या दिशेला चेंडू पळतो, गडद दिशेला अडतो. यात मी अजून कच्ची आहे, मामांना विचारते.

छोट्या पटांचं थोडक्यात सांगते. तीन फुटांवर होलभोवती आठ चेंडू मांडायचे आणि प्रदक्षिणा घालायची. एक हुकला की पुन्हा पहिल्यापासून. एका प्रदक्षिणेत वर, खाली, डावा, उजवा, सगळे उतार येतात. आणि मारल्यावर डोकं वर करायचं नाही, चेंडू कपात पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा. पहिल्या दिवशी मला दीड तास लागला आणि पूर्ण झालीच नाही, अंधार पडला. जानेवारीत एकदा तीन प्रदक्षिणा सलग झाल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

फेब्रुवारीत महिलांची एक छोटी स्पर्धा होती. अकराव्या ग्रीनवर चेंडू पस्तीस फुटांवर, उतार आधी चढता आणि होलपाशी उजवीकडे. मामा नेहमीप्रमाणे होलमागे गेले, पण बोलले नाहीत. "तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले. मी दार साडेसातवर आहे म्हटलं, आणि डावीकडे चार कप, म्हणजे होलच्या चार रुंदी, बाहेर धरलं. त्यांनी मान हलवली, हो अशी की नाही अशी ते कळलं नाही. चेंडू परातीत थांबला, होलपासून फूटभर, वरच्या अंगाला. मामा चालत येऊन म्हणाले, "मी तीन कप सांगितले असते. तुमचा बरोबर होता." त्या दिवशी मी सातवी आले आणि घरी येताना पूर्ण रस्ताभर ते वाक्य मनात घोळवत होते.

या हिवाळ्यातल्या शेवटच्या सात फेऱ्यांची बेरीज परवा केली. 126 होल, 240 पट. तीन लागलेली ग्रीन 11, चार एकही नाही, आणि एका पटमध्ये संपलेली 23. फेरीला सरासरी 34. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, हे समजल्यापासून हुकलेल्या आठ फुटांबद्दल मी स्वतःला बोलत नाही. फक्त तो वरच्या अंगाने हुकला की खालच्या, ते लिहिते. आता जवळजवळ अर्धे वरून जातात.

वहीत एक रकाना मात्र अजून लालच आहे. डावीकडून उजवीकडे वळणारा, उताराला लागलेला, चार ते सहा फुटांचा पट. त्यात चेंडू माझ्यापासून दूर वळत जातो आणि हात अजूनही शेवटच्या क्षणी त्याला थोपवू पाहतात. बावीसपैकी सहाच आत गेले. सरावाच्या ग्रीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात तसा उतार आहे, मी दोरी तिथेच लावून ठेवायची परवानगी माळीदादांकडून घेतली आहे. उद्या थंडी आहे म्हणतात, म्हणजे दव असेल.